कंट्रीवाल्यांची बाजू

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘कोणती आवड चारचौघांत सांगायला संकोच वाटतो?’ असं आम्ही मागच्या अंकात विचारलं होतं. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत अमेरिकन कंट्री म्युझिकचं, म्हणजे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांचं, नाव पुन्हा पुन्हा निघालं. नाट्यगीतं किंवा नव्वदीतली हिंदी गाणी ऐकणाऱ्याला निदान जोडीदार तरी सापडतो. कंट्रीवाला आपल्या अख्ख्या इमारतीत एकटाच असतो, असा एकंदर सूर. तेव्हा या वेळचं सदर त्यांचं.

प्रश्न : कासारवडवलीहून ऐरोलीला आम्ही चौघं एका गाडीने ऑफिसला जातो. गाणी लावायची पाळी माझी आली की मी कंट्री लावतो आणि मानपाडा यायच्या आत कोणीतरी ते बदलतं. ‘तीन कॉर्ड, एक ट्रक, सोडून गेलेली एक बायको, झालं गाणं,’ अशी थट्टा चालते. मला उलट बोलता येत नाही, कारण तीन कॉर्ड असतात हे खरंच आहे.
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे तीन गुच्छ, असतात हे आधीच कबूल करून टाका. गाणं ‘जी’ (G) पट्टीत असेल तर ‘जी’ (G), सी (C) आणि डी (D). आपल्या हिशोबाने सा, म आणि प यांच्यावर उभ्या केलेल्या तीन कॉर्ड. गीतकार हार्लन हॉवर्ड यांच्या नावावर तर ‘तीन कॉर्ड आणि सत्य’ अशी कंट्रीची व्याख्याच सांगितली जाते. वाद घालायचाच तर पुढच्या मुद्द्यावर घाला : कॉर्ड इतक्या कमी ठेवून जी जागा वाचवली, ती कोणाला दिली?

ती शब्दांना दिली. कंट्रीचं गाणं बहुतेक वेळा गोष्ट सांगतं, आणि ती पहिल्याच ऐकण्यात कळावी अशा बेताने रचलेलं असतं. नाचाच्या हॉलमध्ये, रेडिओच्या खरखरीत, गुत्त्यातल्या गलक्यात. दर मात्रेला कॉर्ड बदलू लागली की कान तिच्यामागे धावतो आणि गोष्टीतला नवरा नेमका कधी घराबाहेर पडला ते निसटतं. पोवाड्यात चाल फारशी हलत नाही, डफ आणि तुणतुणं तेच ते वाजत राहतात, तरी पोवाड्याला कोणी ‘एकच चाल’ म्हणून हिणवत नाही. तिथे काय ऐकायचं ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. तुमच्या गाडीतल्या मंडळींना कंट्रीत काय ऐकायचं ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

सांगायची सोय अशी. पूर्ण प्लेलिस्ट लावू नका, एकच गाणं निवडा. पहिल्यांदा फक्त गोष्ट ऐकू द्या. दुसऱ्यांदा लावताना सांगा, की गायकाची ओळ संपल्यावर पुढच्या दोन मात्रांत काय होतं तिकडे लक्ष ठेवा. इथे कंट्रीच्या वादकांचा एक कडक शिरस्ता आहे : गायक बोलत असताना स्टील गिटार (तारांवर दांडी घसरवून वाजवायची), फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि लीड गिटार गप्प तरी बसतात, नाहीतर एखादा लांब सूर धरून ठेवतात. ओळ संपली की एकच वाद्य उत्तर देतं, आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द यायच्या आत मागे सरकतं. पहिलं कडवं स्टीलचं, दुसरं फिडलचं किंवा पियानोचं, अशी पाळी आधीच ठरलेली असते. दोन वाद्यं एकाच फटीत घुसली की सगळा चिखल होतो. नवख्या बँडचं कंट्री इथेच फसतं. तिसऱ्यांदा फक्त बेस ऐकायला लावा. तो एक-तीन, एक-तीन असा मात्रांवर चालतो आणि कॉर्ड बदलायच्या आधी दोन-तीन पायऱ्या चढून किंवा उतरून नवीन कॉर्डच्या दारात आणून सोडतो.

ठेक्याबद्दल बोलणं निघालं तर कंट्री गायक जॉनी कॅशचं उदाहरण द्या. सुरुवातीच्या रेकॉर्डिंगच्या वेळी त्याच्याबरोबर ड्रमवाला नव्हताच. होते फक्त एक इलेक्ट्रिक गिटारवाला आणि एक बेसवाला. कॅशने आपल्या गिटारच्या तारांमध्ये कागदाची घडी अडकवली. तारांचा नाद मेला आणि उरला तो कोरडा ‘चिक्’, स्नेअर ड्रमसारखा. शेजारी इलेक्ट्रिक गिटारवाला ल्यूथर पर्किन्स तळव्याची कड ब्रिजवर (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या पट्टीवर) टेकवून जाड तारा दाबल्या आवाजात वाजवत होता. आगगाडीची म्हणून ओळखली जाणारी ती चाल या दोन दाबलेल्या गिटारींतून आणि बेसमधून निघाली. घरात कुठलीही गिटार असेल तर व्हिजिटिंग कार्ड घ्या, सहाव्या (सगळ्यात जाड) तारेवरून, पाचव्या तारेखालून, चौथीवरून असं विणत न्या आणि वाजवून पाहा. दोन मिनिटांत पटतं.

तीन कॉर्डचा आणखी एक फायदा गाडीत सांगण्याजोगा आहे. कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओंत वादक कॉर्डची नावं लिहीत नाहीत, आकडे लिहितात : १, ४, ५. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकचमूतल्या नील मॅथ्यूज यांनी ही पद्धत बसवली आणि चार्ली मकॉय वगैरे वादकांनी ती पसरवली. एक आकडा म्हणजे एक बार (बहुधा चार मात्रांचा). आकड्यापुढे आडवी रेघ म्हणजे मायनर (कोमल ‘ग’ची कॉर्ड), खाली रेघ ओढलेले दोन आकडे म्हणजे एकाच बारमध्ये दोन कॉर्ड. गायिका म्हणाली, ‘आज घसा बसलाय, दोन सूर खाली घेऊ,’ तर कागदावर काहीच खोडावं लागत नाही. पेटीवाला काळी चारवरून काळी दोनवर येतो तेव्हा सरगम बदलत नाही, तोच हिशोब.

एका बाबतीत तुमच्या मित्रांची बाजू आम्हाला मान्य आहे. ट्रक, बिअर आणि जीन्स घातलेली मुलगी हा मसाला २०१० नंतर अमेरिकन रेडिओवर बेसुमार वाजला. २०१३ मध्ये जोडी रोझेन या समीक्षकाने त्याला ‘ब्रो-कंट्री’ असं नावही दिलं. त्याची वकिली करू नका. तुम्ही लावता ते गाणं त्यातलं असेल, तर त्यांनी ते बदललं यात काही चुकलं नाही.

आणि गाडीपुरतं : टायरचा आणि एसीचा आवाज खालचे सूर खाऊन टाकतो. पर्किन्सची गिटार घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत ऐकूच येणार नाही. तिथे आवाज पुढे असलेली रेकॉर्डिंग लावा. जिम रीव्हज १९५७ पासून ओठ जवळजवळ माइकला टेकवून हलक्या आवाजात गायला लागला, त्या काळातली त्याची गाणी गाडीतही शब्दन् शब्द ऐकू येतात.

प्रश्न : कॉलेजातले मित्र म्हणतात, कंट्री ऐकणं म्हणजे गोऱ्या, कर्मठ अमेरिकेची बाजू घेणं. मला गाणी आवडतात, पण या आरोपाने मी गप्प होते.
— एक विद्यार्थिनी, वाशी

उत्तर : आरोपात तथ्य आहे, पण तो गाण्यांपेक्षा दुकानदारांना जास्त लागू पडतो. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतलं संगीत दोन कप्प्यांत टाकलं : काळ्या गिऱ्हाइकांसाठी ‘रेस’ रेकॉर्ड आणि गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. वाजवणारे लोक मात्र एकमेकांकडून उचलतच होते. बँजो हे वाद्यच पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातून अमेरिकेत आलं. १९२७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावी राल्फ पीअर यांनी व्हिक्टर कंपनीसाठी जी रेकॉर्डिंग केली, तिथून कंट्रीचा धंदा सुरू झाला असं मानतात. तिथे गाजलेल्या कार्टर कुटुंबातले ए. पी. कार्टर पुढे डोंगराळ भागात गाणी गोळा करत हिंडले, तेव्हा त्यांच्यासोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक असायचा. कार्टर शब्द लिहून घ्यायचे, रिडल चाल लक्षात ठेवायचा. कंट्रीचा गाजलेला गायक हँक विल्यम्स याला लहानपणी गिटार दाखवली ती अलाबामातल्या रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताने.

नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या १९२५ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या लोकप्रिय कलावंतांत कृष्णवर्णीय हार्मोनिकावाला डीफोर्ड बेली होता. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं, आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव यायला २००५ उजाडलं. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड १९६६ मध्ये रेडिओ स्टेशनांना पाठवल्या त्या त्याच्या फोटोशिवाय. १९७१ मध्ये तोच कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोत्तम कलावंत ठरला. २०२५ मध्ये बियॉन्सेला सर्वोत्तम कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्या विभागात ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. म्हणजे दार बंद होतं हे खरं, आणि घर बांधणाऱ्यांत हे लोक होते हेही तितकंच खरं.

‘कर्मठ’ या शब्दाला उत्तर द्यायचं असेल तर गायिका लोरेटा लिनचं नाव घ्या. कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न, विशीतच चार मुलं. १९७५ मध्ये तिने संततिनियमनाच्या गोळीवर गाणं काढलं, बाळंतपणांना विटलेल्या बायकोच्या तोंडी. कित्येक स्टेशनांनी ते वाजवायला नकार दिला. ते तरीही गाजलं. मित्रांना ते एकदा शब्दांसकट ऐकवा.

प्रश्न : मी सतरा वर्षांचा आहे. क्लासमध्ये सरांनी ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ हा ठेका शिकवला. कॉर्ड बरोबर पडतात, पण कंट्रीचं गाणं वाजवलं की ते हिंदी पिकनिकच्या गाण्यासारखं वाटतं. काय चुकतं?
— एक वाचक, कळवा

उत्तर : तुझं काही चुकत नाही, ठेकाच वेगळा आहे. क्लासमधल्या त्या ठेक्यात तिसऱ्या मात्रेवर हात खाली येतो पण तारांना लागत नाही. ती जागा रिकामी सुटते आणि गाणं डुलतं. कंट्रीत तिसरी मात्रा हाच खांब. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर एकेकटी जाड तार, दुसऱ्या आणि चौथ्यावर बारीक तारांवरून झटकन फिरवलेला पिक. इंग्रजीत याला ‘बूम-चक’ म्हणतात.

आधी कॉर्ड एकच धर, जी. पहिल्या मात्रेला सहावी तार (तिसरा फ्रेट), दुसरीला चक, तिसरीला चौथी तार मोकळी, चौथीला चक. मेट्रोनोम ७० वर ठेव आणि हात आपोआप चालेपर्यंत कॉर्ड बदलू नकोस. मग डी : पहिल्या मात्रेला चौथी तार मोकळी, तिसरीला पाचवी मोकळी. सी मध्ये पहिल्या मात्रेला पाचवी तार तिसऱ्या फ्रेटवर. तिसऱ्या मात्रेला अनामिका तिथून उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर न्यायची आणि परत आणायची. हे जमायला वेळ लागतो. तोवर तिसऱ्या मात्रेला चौथी तार (दुसरा फ्रेट) वाजव, चालतं. तिन्ही कॉर्डमध्ये बेस सा-प, सा-प असाच फिरतोय हे तुझ्या लक्षात येईल. सी मधली ती तडजोड मात्र सा-ग होते, म्हणूनच ती थोडी पोकळ वाटते.

‘चक’मध्ये सहाही तारा ओढायच्या नाहीत. बारीक तीन, फार तर चार. सहा ओढल्या की बेसची तार पुन्हा वाजते आणि आधीचा ‘बूम’ पुसला जातो. ‘चक’ लांबू द्यायचा नाही, हाही तितकाच महत्त्वाचा भाग. उजव्या तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर अलगद टेकव. तळवा ब्रिजच्या पुढे तारांवर सरकला तर सूरच मरतो, मागे राहिला तर काहीच फरक पडत नाही. पाच-सहा मिलिमीटरचा खेळ आहे, तुझ्या गिटारवरची जागा तुलाच शोधावी लागेल.

पिक बदलून बघ. क्लासच्या किटबरोबर येणारा पातळ पिक साधारण ०.४६ मिमीचा असतो. तो जाड तारेवर वाकतो, सूर उशिरा निघतो आणि प्लास्टिकचा फटफट आवाज येतो. ०.७३ किंवा ०.८८ मिमीचा घे. तारा ११ किंवा १२ नंबरच्या, फॉस्फर ब्राँझ.

आता बेसची चढण, जिच्याशिवाय हा ठेका अर्धवट वाटतो. जी वरून सी वर जायचंय. जी च्या शेवटच्या बारमध्ये पहिल्या दोन मात्रा नेहमीसारख्या. तिसऱ्या मात्रेला पाचवी तार मोकळी, चौथीला पाचवी तार दुसऱ्या फ्रेटवर. या दोन्हींवर चक नाही. पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला सी चा बेस येतो, पाचवी तार तिसरा फ्रेट. परतीला हेच उलटं : दुसरा फ्रेट, मोकळी, मग सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट. जी वरून डी ला जाताना पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, तिसरा फ्रेट आणि मग चौथी मोकळी. हमखास होणारी चूक अशी, की चढण आली की हात धावतो आणि नवीन कॉर्ड अर्धी मात्रा आधी पडते. मेट्रोनोम बंद करून चढण शिकणाऱ्यांचं हेच होतं.

वॉल्ट्झची, म्हणजे तीन मात्रांची, गाणी याहून सोपी : बूम-चक-चक. दोन बार मिळून सहा मात्रा. दादरा कानात असेल तर ते लगेच सापडेल, फक्त चौथ्या मात्रेवर, जिथे आपण खाली धरतो, तिथे बेसची दुसरी तार ठणकावून वाजवायची.

प्रश्न : कंट्रीतली ती रडवेली, घसरत जाणारी गिटार आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्डवरची हवाईयन गिटार, एकच का? निवृत्त झालो आहे, शिकायची इच्छा आहे.
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : घराणं एकच. तारा बोटांनी न दाबता त्यांवरून लोखंडी दांडी फिरवायची ही रीत हवाईच्या जोसेफ केकुकूने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ केली. तिथून ती अमेरिकेत गेली, आणि १९४० च्या दशकात कलकत्त्यात मुक्काम केलेल्या टाऊ मो यांच्यासारख्या हवाईयन कलावंतांबरोबर आपल्याकडेही रुजली. व्हॅन शिपली, हजारा सिंग यांच्या सिनेगीतांच्या रेकॉर्ड तुम्ही ऐकल्याच असतील. ब्रिजभूषण काब्रा तीच गिटार मांडीवर घेऊन राग वाजवू लागले. म्हणजे तुमच्या कानाला कंट्रीतला हा आवाज परका नाहीच. हिणवणारे जी गिटार ‘तिकडची रडकी’ म्हणतात, तिची बहीण आपल्या आकाशवाणीवर वर्षानुवर्षं वाजत होती.

फरक पेडलचा. नॅशव्हिलची स्टील गिटार दहा तारांची, ई-नाइन लावणीची (लावणी म्हणजे तारा सुरात लावायची पद्धत), पायाशी तीन पेडल आणि गुडघ्याशी तीन-चार तरफा. एक पेडल ‘प’च्या तारा एका पूर्ण स्वराने वर ओढतं, दुसरं ‘ग’च्या तारा अर्ध्या स्वराने. दोन्ही एकत्र दाबली की दांडी जागची न हलवता १ ची कॉर्ड ४ ची होते. रडण्याचं मर्म इथे आहे : आपल्या मींडेत सूर एकटा घसरतो, इथे एक तार घसरत असताना शेजारची तार स्थिर वाजत राहते, आणि दोघींमधलं अंतर कानादेखत बदलतं. १९५४ मध्ये वेब पिअर्सच्या एका हिट गाण्यात बड आयझॅक्सने पेडल असं सूर चालू असताना दाबलं, आणि त्यानंतर नॅशव्हिलमधल्या स्टीलवाल्यांना आपापल्या गिटारला पेडल बसवून घ्यावीच लागली.

पेडल स्टील एकदम विकत घेऊ नका. घरातल्या साध्या अकूस्टिक गिटारवर सुरुवात होते. नटवर (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर) बसणारा स्टीलचा एक्स्टेंडर ऑनलाइन मिळतो. तो तारा बोर्डापासून आठ-दहा मिमी उचलतो. बसवताना तारा सैल करा, म्हणजे तो नटवर सरळ सरकतो. नंतर ओपन डी लावा : सहावी तार ई वरून डी, पाचवी आणि चौथी आहेत तशाच, तिसरी जी वरून एफ शार्प, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. बदललेल्या चारही तारा उतरतात, एकही चढत नाही, म्हणून साध्या गिटारच्या मानेला धोका नाही. डोब्रोवाले (डोब्रो म्हणजे पोटात धातूची चकती असलेली गिटार) वापरतात ती ‘जी’ची लावणी मात्र साध्या तारांवर करू नका. तिच्यात सहावी ई वरून जी पर्यंत आणि पाचवी ए वरून बी पर्यंत ताणावी लागते. तार तुटते, किंवा ब्रिज उचकटतो.

ओपन डी मध्ये १ ची कॉर्ड मोकळ्या तारांवर, ४ ची पाचव्या फ्रेटवर, ५ ची सातव्यावर. दांडी आडवी ठेवली की कॉर्ड तयार. मात्र दांडी फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या बरोबर वर हवी. बोटाने वाजवणाऱ्यांना पट्टीच्या मागे दाबायची सवय असते, त्यामुळे त्यांचा सूर कायम उतरलेला लागतो. दांडीच्या मागे, नटच्या बाजूला, अनामिका आणि करंगळी तारांवर अलगद टेकलेली ठेवा. नाहीतर तारेचा मागचा भागही गुणगुणतो आणि मांजरांचं भांडण ऐकू येतं. दांडी दाबायची नाही, तिचं वजन पुरेसं आहे. कंप द्यायचा तो सूर लागल्यानंतर, पट्टीच्या दोन्ही बाजूंना सारखा. सूर सापडत नाही म्हणून आधीपासून थरथर सुरू केली, तर सूर कधीच सापडत नाही.

प्रश्न : योडलिंग ही किशोरकुमारची स्वतःची करामत, असं आमच्या घरी ठाम मत आहे. आणि ते शिकता येतं का?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : करामत त्याचीच, पण बी बाहेरचं. जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन या कंट्री गायकांच्या रेकॉर्ड ऐकून त्याने योडलिंग उचललं असं सांगितलं जातं. रॉजर्स रेल्वेत ब्रेकमन होता. ब्रिस्टलच्या त्या १९२७ च्या रेकॉर्डिंगमध्येच तो पहिल्यांदा रेकॉर्डसाठी गायला आणि १९३३ मध्ये क्षयाने गेला. कंट्रीची थट्टा करणाऱ्या पण किशोरवर जीव टाकणाऱ्या नातेवाइकांना एवढं ऐकवायला हरकत नाही.

शिकता येतं. प्रत्येक आवाजाला छातीतून डोक्यात जाताना एक सांधा असतो. पुरुषांत तो साधारणपणे गिटारच्या पहिल्या मोकळ्या तारेच्या सुराजवळ किंवा त्याच्या एक-दोन फ्रेट वर सापडतो. आपल्याकडे गाणं शिकवताना हा सांधा लपवायला शिकवतात. योडलिंगमध्ये तो मुद्दाम वाजवायचा. सांध्याच्या खालचा ‘प’ छातीतून ‘ओ’ म्हणत घ्या आणि एकदम वरच्या ‘ग’वर ‘ई’ म्हणत डोक्यातल्या आवाजात उडी मारा. मध्ये मींड नको, घसा क्षणभर बंद होऊन उघडला पाहिजे. वरचा सूर जोराने काढू नका. जोर लावला की छातीचा आवाज वर चढतो आणि ओरडणं होतं. दिवसाला पाच-सात मिनिटं पुरेत. घसा खरखरला की त्या दिवशी थांबा. आणि दिवसा करा. पातळ भिंतींच्या इमारतीत शेजारी धावून येतात.

प्रश्न : ३१ डिसेंबरला सोसायटीच्या गच्चीवर आम्हाला अर्धा तास कंट्रीचा कार्यक्रम करायचा आहे. लोक उठून जाऊ नयेत म्हणून काय करावं?
— काही रहिवासी, खारघर

उत्तर : आधी वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस १२ पर्यंत सवलत देता येते. तुमचा दिवस यंदाच्या यादीत आहे का, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दोन गिटार, एक काहोन (वर बसून वाजवायचा लाकडी खोका) आणि गायकापुरता एक छोटा स्पीकर यात कंट्री उत्तम वाजतं. डीजेचा स्पीकर आणला तर शब्द जातील, मग राहिलं काय?

सुरुवात किशोरच्या योडलिंगच्या गाण्याने करा आणि तिथून रॉजर्सकडे जा. सोसायटीत ईस्ट इंडियन किंवा गोवन कुटुंबं असतील तर त्यांना आधी भेटा. जिम रीव्हजचा १९६३ चा ख्रिसमसचा अल्बम त्यांच्यापैकी कोणाला तरी पाठ असण्याची दाट शक्यता आहे, आणि तुम्हाला आयता कोरस मिळेल. शेवटी १९७१ चं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ ठेवा, ते सगळ्यांना येतं. मूळ पट्टी ए. ‘जी’च्या कॉर्ड धरून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. गर्दीला वरचे सूर जड जात असतील तर कॅपो काढा. कडवं जी, ई मायनर, डी, सी, जी. ध्रुवपद जी, डी, ई मायनर, सी, पुन्हा जी, डी, सी, जी. मधल्या वेगळ्या तुकड्यात एफ येते, म्हणजे कोमल नी वरची कॉर्ड. गच्चीवरचे सगळे गिटारवाले तिथेच अडखळतात, तेव्हा तो तुकडा आदल्या दिवशी बसवा. लय मिनिटाला ८० च्या आसपास. उत्साहात १०० ला सुरू केलं तर ध्रुवपदात कोणालाच श्वास घ्यायला जागा राहत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या गिटारच्या तारा बोर्डापासून फार वर जातात, दाबताना बोटं दुखतात. दुरुस्त करून घेऊ का?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : आधी मोजा. बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली साधारण अडीच मिमी आणि पहिलीखाली दोन मिमी असेल तर ठीक. खाडीकाठच्या दमट हवेत लाकूड पाणी पितं, पुढची फळी ब्रिजपाशी फुगते आणि तारा उचलल्या जातात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आपल्याकडे जुलैत ती त्याच्या कितीतरी वर असते. गिटार भिंतीवर टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या १०० ग्रॅमच्या दोन पिशव्या ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की त्या वाळवून घ्या. एसीच्या खोलीतून थेट बाल्कनीत नेलीत तर लाकडावर दव धरतं. वाजवून झालं की तारा खालूनही पुसा, गंज तिथून चढतो.

मान वाकली आहे का ते पाहायला सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या फ्रेटपाशी पाव मिमीची फट हवी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतली लोखंडी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून अधिक नाही, आणि एक दिवस थांबून पुन्हा मोजा. दुकानदार सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) घासून कमी करून देतो म्हणाला तर पावसाळा संपेपर्यंत थांबा. जुलैत घासलेली सॅडल डिसेंबरात लाकूड बसलं की तोकडी पडते, तारा फ्रेटवर खडखडतात आणि नवीन सॅडल घ्यावी लागते.